पट्टा आवळण्याआधी घड्याळ बघा

आज किल्ला नाही की लढाई नाही. आज एका साध्या पट्ट्याची गोष्ट सांगणार आहे.

गेल्या हिवाळ्यात मी मुलीकडे कोलकात्याला होतो. माझी शेवटची पोस्टिंग तिथल्याच फोर्ट विल्यमची. त्या किल्ल्याचं नाव आता ‘विजय दुर्ग’ आहे, आपल्या कोकणातल्या विजयदुर्गावरून ठेवलेलं. किल्ल्याभोवतीच्या मैदानावर पहाटे फिरायची सवय अजून सुटलेली नाही. तिथे सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं १६०० मीटर धावण्याचा सराव करतात. एका सकाळी पाहिलं, तर चार पोरं धावण्याआधी मांड्यांना सायकलच्या ट्यूबचे पट्टे करकचून बांधून बसलेली.

“हे काय रे?” मी विचारलं.

“सर, याला बीएफआर म्हणतात. रक्त अडवायचं, मग सोडायचं. वॉर्म-अपला एकदम बेस्ट.”

“किती वाजता बांधलं?”

चौघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली.

हा प्रश्न मी का विचारला, ते समजायला साडेतीनशे वर्षं मागे जावं लागेल. रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच साली, म्हणजे १६७४ मध्ये, फ्रेंच फौजेने बेझांसाँ शहराला वेढा घातला होता. तिथे मोरेल नावाच्या सर्जनने जखमी सैनिकाच्या अवयवाला पट्टी बांधली, तिच्यात काठी घालून पीळ दिला आणि रक्त थांबवलं. १७१८ मध्ये पॅरिसच्या जाँ-लुई पेतीने काठीऐवजी स्क्रू आणला. या साधनाला नाव मिळालं टूर्निके, म्हणजे फिरवून आवळायचं ते. १८७३ मध्ये जर्मन लष्करी सर्जन एस्मार्क यांनी रबरी पट्टी रूढ केली. तिने रक्त चांगलं थांबे, पण ती किती आवळली गेली हे कळायला मार्ग नव्हता. नसा दबून हात-पाय लुळे पडल्याची उदाहरणं घडली. म्हणून १९०४ मध्ये अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग यांनी हवेने फुगणारा कफ वापरात आणला. आता दाब आकड्यात मोजता येऊ लागला.

दाबाचं उत्तर मिळालं, तरी वेळेचा प्रश्न उरतोच. फौजेत आम्हाला शिकवलं होतं की टूर्निके बांधला की जखमीच्या कपाळावर इंग्रजी ‘टी’ अक्षर आणि बांधल्याची वेळ लिहायची. पेन नसेल तर त्याच्याच रक्ताने लिहायची. पुढच्या डॉक्टरला सगळ्यात आधी तेच लागतं. जो पट्टा जीव वाचवतो, तोच तासन्‌तास राहिला तर पाय घेऊन जातो.

मग हा पट्टा व्यायामात आला कुठून? जपानमधून. १९६६ मध्ये योशिआकी सातो हा अठरा वर्षांचा मुलगा एका बौद्ध विधीत बराच वेळ गुडघ्यांवर बसला होता. पोटऱ्या बधिर होऊन ठणकायला लागल्या. जबरदस्त व्यायामानंतर ठणकतात, अगदी तशा. रक्त अडल्यामुळे असं होत असेल का, या विचाराने त्याने स्वतःवरच वर्षानुवर्षं प्रयोग केले. १९७३ मध्ये स्कीइंग करताना त्याचा पाय जायबंदी झाला, तेव्हा पायाचे स्नायू टिकवायला त्याने हेच तंत्र वापरलं. त्यालाच पुढे ‘कात्सू’ म्हणू लागले. यात पट्ट्याने रक्त पूर्ण थांबवत नाहीत, थोडंच अडवतात आणि हलकं वजन उचलतात, साधारण आपल्या कमाल ताकदीच्या २० ते ३० टक्के. जड वजन न पेलणाऱ्या रुग्णांना आणि वयस्करांना याचा चांगला उपयोग होतो.

पण ही झाली ताकद वाढवायची पद्धत. धावण्याआधी रक्त अडवायची कल्पना वेगळ्याच ठिकाणी जन्मली. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा पाच-पाच मिनिटं असा चार वेळा अडवला आणि सोडला. त्यानंतर तो सलग ४० मिनिटं बंद केला. आधी अशी तयारी न केलेल्या हृदयांच्या मानाने नुकसान फक्त पाव भाग झालं! २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये हीच युक्ती १५ सायकलपटूंवर करून पाहिली. बसल्या जागी मांडीला कफ लावायचा, पाच मिनिटं बंद, पाच मिनिटं खुला, असं तीनदा. त्यांची कमाल ऑक्सिजन वापरण्याची क्षमता ३ टक्के वाढली, कमाल शक्ती १.६ टक्के. पण २०१५ मध्ये ब्राझीलमधल्या संशोधकांनी काही जलतरणपटूंना नुसता सैल कफ लावला, तर तेही तितकेच वेगात पोहले. म्हणजे निदान काही भाग मनाचा खेळ होता.

मैदानावरच्या पोरांनी या दोन पद्धतींची खिचडी केली होती. पट्टा जपानचा, हेतू नेदरलँड्सचा आणि मोजमाप कुणाचंच नाही.

यात कोलकात्याचाही एक धागा आहे. १९२३ मध्ये विष्णुचरण घोष यांनी या शहरात व्यायामाचं विद्यालय काढलं. १९५१ च्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपल्या गटात पहिले आलेले मनोतोष राय त्यांचेच शिष्य. त्याच परंपरेतले बिक्रम चौधरी अमेरिकेत गेले आणि त्यांच्या हॉट योगाच्या वर्गांतून ‘टूर्निके इफेक्ट’ हा शब्द जगभर पोचला. आसनात अवयव दाबला की रक्त अडतं आणि सोडल्यावर ताजं रक्त धावत येतं, असा तो दावा. ऐकायला पटतो. पण आसनात दाब किती आला, हे सांगणारा काटा तिथे नसतो.

आपल्याकडे लोणावळ्यात १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, कैवल्यधाम सुरू केलं. त्यांचीही योगावर श्रद्धा होतीच. तरी त्यांनी आसनांमधला रक्तदाब मोजला, एक्स-रे काढले आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ त्रैमासिकात छापले. परंपरेचा मान राखून तिला मोजपट्टी कशी लावायची, हे त्यांच्याकडून शिकावं.

त्या चौघांच्या ट्यूब मी सोडायला लावल्या. एकाच्या मांडीवर बोटभर खोल वळ उमटला होता. त्याला म्हटलं, “बाळा, भरतीत तुझी वैद्यकीय तपासणीही होणार आहे. दोन सेकंदांसाठी पाय पणाला लावू नकोस.” मग दोन फेऱ्या सावकाश जॉगिंग, उड्या, थोड्या छोट्या स्प्रिंट, असा आमचा जुनाच वॉर्म-अप करून घेतला.

बीएफआर वाईट नाही. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट समोर असेल, दाब मोजणारा कफ असेल, तर जरूर करा. रक्तदाब, रक्ताच्या गाठींचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधी विचारा. आणि कुणी पट्टा बांधायला आलंच, तर किती दाब आणि किती वेळ, हे दोन प्रश्न टाका. उत्तर मिळालं नाही, तर सरळ उठून धावायला लागा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.