नोकरी सांभाळून पदवी: हजेरीच्या अटीचा इतिहास

संशोधनाची तयारी करणाऱ्यांशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो: "नोकरी सोडल्याशिवाय पीएचडी होईल का?" त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, जरा हळू आवाजात: "माझं एमबीए नोकरी करता करता, मुक्त विद्यापीठातून झालंय. ते चालेल ना?" रत्नागिरीत हा दुसरा प्रश्न विचारणारे बरेच भेटतात. कोणी बँकेत असतं, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत, कोणी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, कोणी जयगडच्या बंदरावर. दिवसभर काम, रात्री असाइनमेंट, रविवारी संपर्क वर्ग, असं करत पदवी पूर्ण केलेली ही माणसं. पदवी हातात आहे, पण मनात धाकधूक आहे.

मी विज्ञान शाखेची, इतिहास हा माझा अभ्यासविषय नाही. तरी या धाकधुकीचं मूळ शोधायचं तर नियमावलीच्या आधी इतिहासाकडे जावं लागतं. तिथे दिसतं की काम करणाऱ्या माणसाला पदवीपासून लांब ठेवणारी मुख्य गोष्ट परीक्षेची काठिण्यपातळी नव्हती, हजेरीची अट होती.

परीक्षा घेणारं विद्यापीठ, हजेरी मागणारा कायदा

१८५४ च्या वुडच्या खलित्यात भारतात लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर विद्यापीठं काढावीत अशी शिफारस होती. त्यानुसार १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं सुरू झाली. त्या काळात ही विद्यापीठं स्वतः शिकवत नसत. शिकवायचं संलग्न कॉलेजांनी. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची.

आता तुम्ही विचाराल, विद्यापीठ फक्त परीक्षाच घेत असेल तर कचेरीतल्या कारकुनाने घरी अभ्यास करून परीक्षेला का बसू नये? तर्काने बघितलं तर हरकत नव्हती. पण कायद्यात मेख होती: परीक्षेला बसायचं तर संलग्न संस्थेचं प्रमाणपत्र हवं, म्हणजे कॉलेजात ठरलेल्या टर्म भरलेल्या हव्यात. गंमत बघा, ज्या लंडन विद्यापीठाची आपण नक्कल केली, त्याने पुढच्याच वर्षी, १८५८ साली, बहुतेक पदव्यांसाठी ही अट काढून टाकली आणि जगात कुठेही राहून परीक्षा देण्याची वाट मोकळी केली. आपल्याकडे मात्र अट राहिली.

रत्नागिरीच्या माणसासाठी याचा अर्थ काय होता? शहरात गोगटे कॉलेज (आजचं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय) सुरू झालं १९४५ साली. म्हणजे मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर ८८ वर्षं इथल्या मुलाला पदवी हवी असेल तर घर सोडून मुंबई किंवा पुणं गाठायला लागायचं. ज्याच्यावर घर चालवायची जबाबदारी होती, त्याचा विषय तिथेच संपायचा.

दोन माणसं, दोन वाटा

तरीही काही जणांनी वाट काढली. आपल्या जिल्ह्याशी नातं असलेली दोन उदाहरणं घेऊ, कारण त्या दोन वाटा आजही तशाच आहेत.

पहिलं उदाहरण पांडुरंग वामन काणे यांचं. जन्म १८८० चा, चिपळूणजवळचा. बी.ए., एम.ए. झाल्यावर १९०४ साली ते रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक म्हणून लागले. शिक्षकी करत असताना शिक्षकांसाठीची परीक्षा दिली, पुढे मुंबईत बदली झाल्यावर कायद्याचा राहिलेला अभ्यास पूर्ण केला. १९११ पासून वकिली सुरू केली आणि १९१२ साली एलएल.एम. झाले. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा त्यांचा ग्रंथ १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत आला, साडेसहा हजारांहून अधिक पानांचा. त्यातली बरीच वर्षं ते हायकोर्टात वकिली करत होते. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. ही समांतर वाट: काम चालू, अभ्यासही चालू.

दुसरं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडनला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. पुस्तकं ज्या जहाजाने येत होती ते युद्धात बुडवलं गेलं. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवले, काही उसने घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत झाली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएचडी मात्र प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्यावरच मिळायची. तो १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पदवी १९२७ मध्ये हाती आली. ही खंडित वाट: अभ्यास, मग नोकरी, मग पुन्हा अभ्यास.

"माझी मध्ये तीन वर्षांची गॅप आहे" म्हणून फॉर्म न भरणाऱ्यांनी या तारखा एकदा कागदावर उतरवून बघाव्यात.

वेळापत्रक बदललं की कोण आत येतं

आंबेडकर आणि काणे ही असामान्य माणसं होती. सगळ्यांनी त्यांच्यासारखं करावं, असं म्हणून व्यवस्थेचा प्रश्न सुटत नाही. व्यवस्था बदलायची तर वेळापत्रकाला हात घालावा लागतो, आणि हे आपल्याकडे फार लवकर कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा शाळेत येणं ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी शाळेनेच वेळ बदलली.

मुंबईत हीच कल्पना रात्रशाळांमधून वाढली. त्यात आपले चाकरमानी मोठ्या संख्येने होते. दिवसा गिरणीत किंवा दुकानात काम, संध्याकाळी रात्रशाळा आणि झोपायला गाववाल्यांच्या खोलीत हातभर जागा. कोकणातल्या अनेक घरांत पहिला मॅट्रिक झालेला माणूस असा रात्रशाळेतला आहे. तुमच्या घरात विचारून बघा.

पदवीच्या पातळीवर ठळक पाऊल पडलं १९४६ साली. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं आणि नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. आधी कॉलेज, मग ऑफिस. अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच. फक्त घड्याळ सरकवलं, आणि कारकून, कामगार, शिपाई वर्गात येऊन बसू शकले.

पण सकाळचं कॉलेज असो की रात्रीचं, ते जवळ राहणाऱ्यालाच उपयोगी. वेळ सुटली, अंतर राहिलंच.

मॅनेजमेंटची पदवी काम करणाऱ्यांची कशी झाली

आता एमबीएकडे येऊ. हार्वर्डमध्ये ही पदवी १९०८ साली सुरू झाली. आधीपासून नोकरीत असलेल्या अधिकाऱ्यांसाठी वेगळा एमबीए अभ्यासक्रम शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात काढला. यामागची कल्पना समजून घेण्यासारखी आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा लागते, तशी व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला संस्था लागते. नोकरी करणाऱ्याकडे ती आधीच असते. सकाळी ज्या गोदामात साठ्याचा हिशेब जुळत नाही, त्याच गोदामाचं उदाहरण घेऊन तो संध्याकाळी वर्गात बसतो. इथे नोकरी अभ्यासाला पूरक ठरते.

आपल्याकडे व्यापारशिक्षणाची सुरुवात १९१३ च्या सिडनहॅम कॉलेजपासून धरतात. १९५३ मध्ये कोलकात्यात व्यवस्थापनाची पहिली संस्था आली, १९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबादचे आयआयएम. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज संस्था काढली. मुंबईत पुढे संध्याकाळचे अर्धवेळ अभ्यासक्रमही रुळले. चर्चगेटला ऑफिस असलेल्या माणसाला ते सोयीचे होते. रत्नागिरीच्या माणसाला? मुंबई तीनशे किलोमीटरहून लांब, आणि कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली ती १९९८ मध्ये.

टपालाने आलेलं विद्यापीठ

अंतराचं उत्तर टपालातून आलं. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. भारतातलं पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये आंध्र प्रदेशात, १९८५ मध्ये इग्नू, आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले मूळचे भौतिकशास्त्राचे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे बोधवाक्य आज सवयीने वाचलं जातं, पण वरचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवून वाचलं तर त्यात १८५७ च्या हजेरीच्या अटीला दिलेलं उत्तर दिसतं. पुस्तकं घरी येतात, अभ्यासकेंद्र जिल्ह्यात असतं, परीक्षा मात्र सगळ्यांसारखी समोर बसून.

मग शंका का उरली? एक कारण खरं आहे, ते लपवू नये. काही विषय टपालाने शिकवता येत नाहीत. काही अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या, त्यावर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताशेरे ओढले. त्याचा डाग नियमाने चालणाऱ्या अभ्यासक्रमांवरही उडाला. दुसऱ्या बाजूला, मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष मानाव्यात, असं यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून मुलाखतीत तुमचा बचाव भावनिक नको. संस्था आणि अभ्यासक्रम त्या वर्षी मान्यताप्राप्त होता याचा कागद फाईलमध्ये ठेवा, आणि नोकरीतून उचललेला एक नीट मांडलेला प्रश्न तोंडावर ठेवा. दुसरी गोष्ट जास्त उपयोगी पडते.

आता पीएचडीचं काय

यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत या सगळ्या इतिहासाची गोळाबेरीज दिसते. अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडीला नाही. म्हणजे घड्याळ सैल केलंय, अंतर नाही.

अर्धवेळ करायची तर नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: तुम्हाला अर्धवेळ संशोधनाची परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी तुम्हाला मोकळं केलं जाईल. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. एकूण मुदत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. त्यापुढे पुनर्नोंदणी करून दोन वर्षं, आणि महिलांना तसंच ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षं मिळू शकतात.

विषय निवडताना एक हिशेब आधी करा: तुमच्या विषयाचा कच्चा माल कुठे आहे? काण्यांचा कच्चा माल ग्रंथांत होता, कोर्ट सुटल्यावर ते ग्रंथ उघडू शकत होते. व्यवस्थापनातला प्रश्न तुमच्या कचेरीत असू शकतो, तिथे समांतर वाट चालते. पण ज्याचे नमुने दर सहा तासांनी तपासायचे आहेत, भरतीच्या वेळेला खाडीवर पोचायचं आहे, त्याला रजेच्या अर्जावर पीएचडी करता येत नाही. प्रयोगशाळेत बसून हे मी रोज बघते. अशा विषयाला खंडित वाट बरी: काही वर्षं नोकरी, थोडी बचत, मग फेलोशिप घेऊन पूर्णवेळ काम.

तेव्हा पुढच्या वेळी "नोकरी सोडावी लागेल का?" असं मनात आलं की प्रश्न बदलून विचारा: माझ्या विषयाला माझ्याकडून कोणते तास हवेत, आणि ते तास माझ्या नोकरीत निघतात का? याचं उत्तर एका पानावर लिहून काढा आणि ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज करण्याआधी ते पान आपल्या साहेबांना आणि होणाऱ्या मार्गदर्शकांना दाखवा. दोघांनीही ते पान वाचून होकार दिला, तर पेटचा फॉर्म भरायला घ्या.