पहिलं घर घेताय? किती रक्कम बोलायची ते असं ठरवा

तालुक्याला तयार घर बघायला गेलं की मालक हमखास सांगतो, ‘शेजारचं पंचवीसला गेलं.’ खरं काय ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’मध्ये बघा. जुन्या खरेदीखतांची सूची क्रमांक 2 तिथे निघते, त्यात रक्कम आणि क्षेत्रफळ असतं. काहीजण कागदावर रक्कम कमी दाखवतात, म्हणून एकावर न थांबता तीन-चार दस्त तपासा.

खरी गोची कर्जात होते. 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते, पण किंमत धरते ती बँकेच्या व्हॅल्युअरने काढलेली. समजा तुम्ही 20 लाख कबूल केले आणि मूल्यांकन आलं 16 लाख. कर्ज फार तर 14 लाख 40 हजार. बाकीचे 5 लाख 60 हजार पदरचे. वर मुद्रांक शुल्क (घर फक्त महिलेच्या नावावर घेतल्यास 1 टक्का सवलत), नोंदणी फी 1 टक्का, कमाल 30 हजार. शिवाय गळकं छत, वायरिंग.

हा खर्च आधी वजा करा. उरेल तो तुमचा शेवटचा आकडा. बोलणी त्याच्या बऱ्याच खालून सुरू करा आणि तो एजंटला सांगू नका. त्याची दलाली किमतीवरच असते.

गावठाणातलं घर नुसत्या नमुना 8 वर असेल तर बँक बऱ्याचदा नकार देते. आधी शाखेत विचारा. विसार पावतीवर ‘कर्ज नामंजूर झाल्यास विसार परत’ हे लिहूनच घ्या.