सागर ओलांडणारी धूळ

(नभोवाणीवरील भाषण)



२३ जानेवारी २०२२ हा रविवार माझ्या चांगलाच स्मरणांत आहे. त्या दिवशीं नाशिकास हवा धुरकट होती आणि सूर्य निस्तेज दिसत होता. थंडीचें धुकें असेल असें समजून आमच्या घरांत नित्याप्रमाणें खिडक्या उघडल्या, अंगण झाडलें; आणि दुपारपर्यंत दम्याचा विकार असलेल्या माझ्या पत्नीला श्वास घेणें कठीण झालें. तें धुकें नव्हतें. पाकिस्तान व अफगाणिस्तान यांच्या ओसाड प्रदेशांतून उठलेली ती धूळ होती. अरबी समुद्र ओलांडून ती मुंबईवर आली आणि सह्याद्रि चढून आपल्या दारींहि पोंचली. मीं आयुष्यभर वर्गांत नकाशावरील निळा रंग दाखवून 'येथें जमीन संपली' असें सांगितलें होतें. जमीन तेथें संपत नाहीं, हें मला त्या दिवशीं कळलें.

हें ज्ञान मात्र जुनें आहे. १८३२ च्या जानेवारींत 'बीगल' जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेस असलेल्या केप व्हर्डे बेटांजवळ येत असतां, तरुण डार्विननें डोलकाठीवरील वातदर्शकाच्या जाळीवर सांचलेली बारीक तपकिरी धूळ पुडींत भरून ठेवली. पुढें बर्लिनच्या एरेनबर्ग या शास्त्रज्ञानें ती व तशाच आणखी चार पुड्या तपासल्या. त्यांत ६७ प्रकारचे सूक्ष्म जीवावशेष सांपडले; आणि दोन वगळतां ते सारे गोड्या पाण्यांतले! भर समुद्रांत गोड्या पाण्याचे जीव आले कोठून? एरेनबर्गला त्यांत आफ्रिकेची खास खूण आढळली नाहीं. तथापि वाऱ्याची दिशा व ऋतु यांवरून ती धूळ आफ्रिकेचीच, असा निष्कर्ष डार्विननें १८४६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत मांडला. तो खरा ठरला. सहारांतील बोडेले हा खोलगट प्रदेश एका प्राचीन सरोवराचा कोरडा तळ असून, धुळीचें तें फार मोठें उगमस्थान आहे, हें आज सर्वमान्य आहे.

डार्विनची पुडी योगायोगानें भरली. नियमित मोजणीस आरंभ झाला तो १९६५ च्या सुमारास, कॅरिबियन भागांतील बार्बेडोस बेटावर. जोसेफ प्रॉस्पेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथें वर्षानुवर्षें हवा गाळून धूळ मोजली. सहाराच्या दक्षिणेस साहेल प्रदेशांत अवर्षण पडलें, तेव्हां महासागरापलीकडे बार्बेडोसच्या गाळणीवर धूळ वाढली! एका देशाचा दुष्काळ दुसऱ्याच्या गाळणीवर असा उमटतो.

धूळ केवळ अपकारकच असते असें मात्र नाहीं. २००७ ते २०१३ या काळांतील उपग्रहांच्या निरीक्षणांवरून असा हिशेब निघाला कीं, अमेझॉनच्या अरण्यावर दरवर्षीं सरासरी २ कोटि ७७ लक्ष टन आफ्रिकी धूळ पडते व तीबरोबर सुमारें २२ हजार टन फॉस्फरस, म्हणजे वनस्पतींचें खाद्य, तेथें पोंचतें.

जागतिक हवामान संघटनेनें २००७ मध्यें धुळीच्या वादळांचा अंदाज व इशारा देण्याची योजना उभारली. वाऱ्याचा वेग, मातीचा कोरडेपणा आणि उपग्रहांचीं चित्रें यांवरून संगणक हें गणित मांडतो. जाड कण लौकर खालीं बसतात; अतिसूक्ष्म कण मात्र कित्येक दिवस वर तरंगतात, आणि तेच आपल्या फुप्फुसांत खोल जातात. ढगांआड उपग्रहाला धूळ दिसत नाहीं. म्हणून जमिनीवरील मोजणीची गरज आजहि संपलेली नाहीं. वाटेंतील प्रत्येक देशानें आपली मोजणी शेजाऱ्यास कळविली, तरच हें गणित सुटतें.

आमच्या त्या रविवारची धूळहि समुद्रावरून येत असतां उपग्रहांच्या चित्रांत दिसली होती. पण ती वार्ता आमच्या घरच्या केरसुणीपर्यंत पोंचली नव्हती. म्हणून एवढेंच सांगतों: धुळीचा इशारा ऐकतांच खिडक्या लावाव्या, कोरडा केर न काढतां ओल्या फडक्यानें पुसून घ्यावें आणि दमेकऱ्यांना व लहान मुलांना घरांतच ठेवावें. शास्त्रज्ञांनीं पावणेदोनशें वर्षांवर खपून मिळविलेलें ज्ञान आपल्या उंबरठ्याच्या आंत आणणें, हें काम आपलें आहे.