जाळी काढल्यावर

मिथाइल आयोडाइडच्या रेणूवर २६६ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पडला की तो मोडतो. एकीकडे मिथाइल सुटतं, दुसरीकडे आयोडीनचा अणू. असे अल्पजीवी तुकडे पकडायची सोय केंब्रिजच्या नॉरिश आणि पोर्टर यांनी १९४९ च्या सुमारासच केली होती. एका लखलखाटाने रेणू फोडायचा, लगेच दुसऱ्या लखलखाटात वर्णपट टिपायचा. १९६७ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. पण तुकडा कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सुटला, हे त्या वर्णपटातून कळत नव्हतं.

१९८७ मध्ये चँडलर आणि ह्यूस्टन या अमेरिकी संशोधकांनी सरळ तुकड्यांचं चित्रच काढलं. एका लेसरने मिथाइल आयोडाइड फोडलं, दुसऱ्याने फक्त मिथाइलचे आयन केले आणि विद्युतक्षेत्राने ते पडद्यावर ढकलले. आयन आदळला की ठिपका चमकतो, कॅमेरा तो टिपतो. वेगवान तुकडा मध्यापासून दूर पडतो, मंद तुकडा जवळ; एकाच वेगाच्या तुकड्यांचं कडं बनतं. आयोडीनचा अणू उत्तेजित निघाला तर सुमारे ०.९४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा स्वतःकडेच ठेवतो. मिथाइलच्या वाट्याला वेग कमी येतो आणि त्याचं कडं लहान होतं. कडी सगळीकडे सारखी उजळतही नाहीत. ज्यांचा कार्बन-आयोडीन बंध प्रकाशाच्या ध्रुवणदिशेला धरून असतो ते रेणू जास्त फुटतात, म्हणून त्या दिशेची दोन टोकं ठळक.

मात्र चित्र धूसर यायचं. क्षेत्र एकसारखं राहावं म्हणून इलेक्ट्रोडवर बारीक तारेची जाळी ताणलेली असे; प्रत्येक तारेजवळ आयनांची वाट थोडी वाकायची. शिवाय लेसरच्या झोतात दोन आयन वेगवेगळ्या जागी जन्मले, तर वेग तोच असूनही वेगवेगळ्या ठिकाणी पडायचे.

१९९७ मध्ये नेदरलँड्सच्या नायमेखेनमध्ये एपिंक आणि पार्कर यांनी जाळी काढून टाकली. मधोमध मोकळं भोक असलेल्या चकत्या ठेवल्या. क्षेत्र त्या भोकांत फुगलं आणि त्याचं भिंग झालं. व्होल्टेज नीट जुळवल्यावर एकाच वेगाचे आयन, जन्म कुठेही होवो, एकाच ठिपक्यावर येऊ लागले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात अशी भिंगं कित्येक दशकं होती. इथे यायला दहा वर्षं लागली, याचं मला अजून नवल वाटतं. सगळे ज्या असमान क्षेत्राला टाळत होते, तेच कामाला आलं.

व्होल्टेजची चिन्हं उलटी केली की त्याच यंत्रात इलेक्ट्रॉनांचीही चित्रं मिळतात. ऑक्सिजनच्या रेणूवरच्या एपिंक आणि पार्कर यांच्या पहिल्याच लेखात दोन्ही प्रकारची चित्रं होती.