दाभोळची मशीद आणि आठवीतल्या मुलीचा प्रश्न

दापोलीहून दाभोळला उतरणारा रस्ता वाशिष्ठीच्या काठी, फेरीबोटीच्या धक्क्यावर संपतो. 2003 पासून इथून मोटारी नेणारी फेरीबोट चालते. पलीकडे धोपावे आणि तिथून पुढे गुहागर. चिपळूणमार्गे जाण्याचा लांबचा फेरा वाचतो, म्हणून पर्यटकांची गर्दी असते. पण यातले बहुतेक लोक दाभोळ बघायला आलेले नसतात. ते बोटीची वाट बघतात, चहा पितात, खाडीचे फोटो काढतात आणि पलीकडे जातात. धक्क्यापासून थोड्याच अंतरावर काळ्या दगडाची एक मशीद आहे. तिच्या मोठ्या घुमटाकडे त्यांची नजर जाते, पाय मात्र क्वचितच वळतात.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. मागच्या हिवाळ्यात आठवीची सहल इथं आणली होती. मशिदीच्या पायऱ्यांवर मुलांना बसवून मी तिची गोष्ट सांगितली. ती 1880 च्या रत्नागिरी जिल्हा गॅझेटिअरमध्येही नोंदवलेली आहे. विजापूरची शाहजादी आयेशाबीबी हजला जायला निघाली. सोबत वीस हजार घोडेस्वारांचा लवाजमा होता. दाभोळला पोहोचल्यावर कळलं की समुद्रात चाच्यांचा धोका आहे, पुढे जाता येणार नाही. मग काझी आणि मौलवींच्या सल्ल्यानं तिनं हजसाठी आणलेले पंधरा लाख रुपये या मशिदीवर खर्च केले. साल 1659-60. कामिलखान नावाच्या कारागिरानं चार वर्षांत काम पुरं केलं. घुमटाला सोन्याचा मुलामा होता आणि वर सोन्याची चंद्रकोर होती.

गोष्ट संपली आणि एका मुलीनं विचारलं, "सर, ही गोष्ट खरी आहे का?"

बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं की मुलांच्या प्रश्नाला प्रश्नानं उत्तर द्यावं. मी विचारलं, "वीस हजार घोडे इथं कुठं बांधले असतील?" मुलांनी इकडेतिकडे पाहिलं. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला चढता डोंगर, मधे गावाची चिंचोळी पट्टी. एक मुलगा म्हणाला, "सर, घोडे सोडाच, त्यांचा चाराही मावणार नाही." झाला इतिहासाचा पहिला धडा. आकडा सांगणाऱ्याला मोठेपणा दाखवायचा असतो, ऐकणाऱ्यानं तो जागेवर मोजून बघायचा असतो.

दुसरी अडचण सालाची. 1659 च्या नोव्हेंबरात प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला आणि 1661 च्या कोकण मोहिमेत दाभोळ शिवाजी महाराजांच्या ताब्यात आलं. मग चार वर्षांचं विजापुरी बांधकाम कोणाच्या अमलात पुरं झालं? एक तर मशीद त्याआधीची असेल, नाही तर राज्य बदलल्यावरही काम थांबलं नसेल. दोन्हींपैकी काहीही धरलं तरी एक गोष्ट डोळ्यांसमोर आहे. पुढे मराठे आले, इंग्रज आले, आणि मशीद उभी आहे. आजकाल इतिहास म्हणजे कोणी कोणाचं काय पाडलं याची यादी झाली आहे. काय राहिलं, कोणी राहू दिलं आणि पिढ्यान् पिढ्या कोणी सांभाळलं, हेही इतिहासातच लिहायला हवं.

मग गोष्ट खोटी म्हणायची का? तसंही नाही. तिचे आकडे संशयास्पद आहेत, पण चौकट खरी आहे. दाभोळ हे दख्खनच्या हज यात्रेकरूंचं बंदर होतं. इथून जहाजं तांबड्या समुद्राकडे आणि होर्मुझकडे जात, तिकडून अरबी घोडे येत. 1453 च्या सुमारास इराणच्या गिलानमधून महमूद गावान याच बंदरात उतरला. आला व्यापारी म्हणून आणि झाला बहमनी राज्याचा वजीर. बीदरचा प्रसिद्ध मदरसा त्यानंच बांधला. पुढे 1481 मध्ये एका बनावट पत्राच्या आधारे सुलतानानं त्याला ठार करवलं. रशियाचा प्रवासी अफानासी निकितिन चौलला उतरून दख्खन फिरला आणि 1472 च्या सुमारास परतीचं जहाज त्यानं दाभोळहून धरलं.

समुद्राची भीतीही काल्पनिक नव्हती. 1508 च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडा दीवच्या लढाईला निघाला होता. चौलच्या लढाईत मारल्या गेलेल्या मुलाचा सूड त्याला घ्यायचा होता. वाटेत त्यानं दाभोळ जाळलं आणि माणसं कापली. त्यानंतर कितीतरी वर्षं या समुद्रात पोर्तुगीजांच्या परवान्याशिवाय जहाज नेणं धोक्याचं होतं. म्हणजे धक्क्यापर्यंत येऊन हज हुकल्याचं दुःख एका शाहजादीचंच असेल असं नाही. इथून परत फिरलेल्या कितीतरी अनाम यात्रेकरूंचं ते दुःख असेल आणि लोकांनी ते एका नावावर जमा केलं असेल. मुलांना मी एवढंच सांगितलं, "गोष्ट आणि नोंद वेगळी ठेवा, पण दोन्ही ठेवा."

दाभोळला जायचं असेल तर एक दिवस राखून जा. मशिदीत नमाजची वेळ टाळून, चपला काढून, शांतपणे बघा. एक मोठा घुमट, चार कोपऱ्यांना मिनार, विजापूरची आठवण करून देणारी बांधणी. मग चंडिकादेवीच्या देवळात जा. ते गुहेत आहे, आत उजेड फक्त तेलाच्या दिव्यांचा. आमची मुलं तिथंही गेली, रांगेत आणि गुपचूप. दुपारी फेरीबोटीनं पलीकडे जा आणि अंजनवेलचा गोपाळगड चढा. हा किल्ला अठराव्या शतकात तुळाजी आंग्र्यांनी सिद्दीकडून घेतला आणि त्याला हे नाव दिलं. जवळच टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह आहे. तिथून खाडीचं मुख बघितलं की या बंदरावर इतक्यांचा डोळा का होता, ते वेगळं शिकवावं लागत नाही. वेळ असेल तर वर चिपळूणच्या बाजूला याच खाडीत होडीतून मगरी बघता येतात. मुलांना सगळ्यात जास्त ओढ त्याचीच होती, हे कबूल करतो.

परतल्यावर मी मराठीत निबंध लिहायला दिला. विषय होता "मी पाहिलेलं दाभोळ". प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीनं लिहिलं होतं की तिच्या नानीला हजला जायचं होतं. पैसेही जमवले होते, पण आजारपणात ते संपले. शेवटी उरलेल्या पैशांतून नानीनं मोहल्ल्यात पाण्याचा नळ बसवून दिला. शेवटचं वाक्य होतं, "म्हणून शाहजादीची गोष्ट थोडी तरी खरी असेल असं मला वाटतं."

मी त्या वाक्याखाली लाल शाईनं काहीच लिहिलं नाही.