घाटावरचे हुलगे

परवा धाकट्या काकांचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाले, "हुलग्याचं बी गावात कुणाकडंच नाही रे. दोन गावं फिरलो तेव्हा चार किलो मिळालं." तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय.

आमचं गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या माथ्यावर. बीड जिल्ह्याचे सरळ दोन भाग. खाली गोदावरीकाठची काळीभोर गंगथडी आणि वर, दोन हजार फुटांच्या आसपास, आमचा मुरमाड घाट. इथे पहिला पेरा वाया गेला की भाद्रपदात हुलगा टाकायचा. एकदोन पावसांवर येतो बिचारा. दाणे आपल्या माडग्याला न् शेंगोळ्यांना, भुसकट जनावरांना, आणि नांगरटीच्या दिवसांत बैलांना शिजवलेले हुलगे.

चाल जुनी आहे. दख्खनेत घोड्यांच्या चंदीत कुळीथ असायचाच. इंग्रजीत त्याचं नावच मुळी 'हॉर्स ग्राम'. आमच्या अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. तिथल्या घोड्यांना रोज किती पोती लागत असतील, याचा मी उगाच हिशोब करत बसतो!

कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८० च्या दशकात सिद्ध केलं. आजोबा एवढंच म्हणायचे, हुलग्यामागं ज्वारी चांगली येती.

१९७२ साली मात्र हुलगासुद्धा हाती लागला नाही. आजोबांनी बैलजोडी बाजारात नेली आणि मिळेल त्या भावाला दिली. रिकामं दावं खांद्यावर टाकून परत आले. ते दावं पुढे कितीतरी वर्षं गोठ्यात खुंटीला होतं, आजी कुणाला हात लावू द्यायची नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या होत्या. तिथे ऊस कापून टाकत. पोट भरतं, पण उसात प्रथिनं नावालाच, आणि वाढ्यांतलं ऑक्झॅलेट जनावराच्या अंगातला चुना अडवून धरतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'आरएल ८८' लसूणघास उत्तम खरा, पण तो बारमाही पाण्यावरचा. घाटावर उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो, तिथे लसूणघास कुठला? राहता राहिला हुलगा, आणि त्याच्या जागेवर आता सोयाबीन.

असो. काकांनी ते चार किलो विहिरीवरच्या पट्टीत टाकलंय. फुलावर आलं की निम्मं हिरवंच कापून म्हशीला घालणार आहेत, निम्मं बियाला.