गळांची माळ

कोकणातल्या मासेमारीचा इतिहास सांगायला बसलं की सुरुवात जाळ्यापासून होते. रापण, पाग, मग यांत्रिक बोटी, ट्रॉलर, पर्ससीन. जाळं मोठं, ओढणारी माणसं पुष्कळ, म्हणून ते डोळ्यांत भरतं. गळाची गोष्ट त्या मानानं थोडकी. आणि मोठ्या गळाला लावायचं आमिष ज्या बारीक गळांनी धरतात, त्यांच्याकडे तर कुणी ढुंकूनही बघत नाही. पण मालवणच्या दक्षिणेला आमच्यासारख्या गाबतांच्या कितीतरी घरांची चूल या बारीक गळांवर पेटायची.

आमची होडी एका खोडातून कोरलेली, अरुंद. एका अंगाला दोन आडव्या दांड्यांवर हलकं लाकूड बांधलेलं. ती उलांडी. उलांडीमुळं होडी कलंडत नाही, पण जागाही मिळत नाही. वल्हं, पाण्याची कळशी, दोऱ्या, सगळं गुडघ्यांच्या बेचक्यात. हल्ली ज्याला कयाक म्हणतात त्यात बसणाऱ्याची अडचण हीच. हात दोन, जागा वीतभर, आणि खाली पाणी हलतंय.

सुरमई किंवा गोबरा हवा तर जिवंत पेडवा नाहीतर बारका बांगडा गळाला लावून सोडायचा. तो आधी धरायला हवा. पहाटे पेडव्यांचा थवा होडीखाली येतो आणि जरा वेळानं निघून जातो. एक गळ टाकून एकेक मासा काढत बसलं तर दोन-तीन मिळतात. म्हणून एकाच दोरीला सहा गळ, सहा आखूड फाट्यांवर, आणि टोकाला शिसं. आमच्या घरात त्याला माळ म्हणत. मेलेल्या कोंबड्याचं पांढरं पीस किंवा माशाच्या पोटाची वाळवलेली चकचकीत कातडी गळाला बांधली की आमिषाचीही गरज नसे. माळ खालीवर हलवायची. पेडव्याला वाटतं, बारीक जीव पळतोय.

गोची एकच, गुंता. सहा गळ, सहा फाटे आणि लांब ओली दोरी. एक गळ दुसऱ्यात अडकला की सगळंच अडकतं. आजा म्हणायचा, "गुंतो सोडयत बसलंस तर पेडवो काय तुझी वाट बघीत रवतलो?" गुंता कापावा तर गळ जातो. आणि गळ विकतचा. नॉर्वेच्या मस्टड कंपनीचे गळ दुकानातून उधारीवर यायचे, ते घरात मोजून ठेवलेले असत. ज्या दिवशी माळ गुंतली त्या दिवशी आमिष नाही, सुरमई नाही, आणि उधारी तशीच.

ही माळ बांधायची आजी. पावसात दर्या बंद, नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारून ठेवलेल्या. तेव्हा ओटीवर ती सूत घेऊन बसे. तिचं माप ठरलेलं होतं. दोन फाट्यांत अंतर एक वीत आणि फाट्याची लांबी चार बोटं. "वीत एक, बोटां चार. मगे गळ एकमेकाचा तोंड बघूचे नाय." हिशोब साधा आहे. वितीत बारा बोटं. शेजारचे दोन फाटे एकमेकांकडे ताणले तरी चार नि चार आठ, मध्ये चार बोटं उरतातच. फाटा वितीच्या निम्म्याहून, म्हणजे सहा बोटांहून लांब झाला की गळ गळाला भेटतो आणि गुंता सुरू.

नुसतं माप पुरत नाही. सुती धागा भिजला की लुळा पडतो आणि मुख्य दोरीला वेढे घालतो. म्हणून फाट्याचं सूत दुहेरी घेऊन ती घट्ट पिळायची, ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवायची, वरून मेण चोळायची. फाटा दोरीपेक्षा ताठ झाला पाहिजे. गाठही अशी मारायची की फाटा दोरीला काटकोनात उभा राहील. खाली शिसं जड हवं, नाहीतर वर ओढताना मासे गोल फिरतात आणि दोरीला पीळ बसतो. तयार माळ ती नारळाच्या सोडणावर गुंडाळायची, प्रत्येक गळाचं टोक सोडणात रुतवून. होडीत शिसं पाण्यात सोडलं की वजनानं गळ ओळीनं एकेक सुटायचे.

हीच अक्कल जगात इतर किनाऱ्यांवरही सुचली. जपानात अशा माळेला सबिकी म्हणतात, तिथंही गळावर माशाची कातडी लावत आले आहेत. इंग्लंडच्या किनाऱ्यावर बांगड्याच्या जातीच्या माशासाठी रंगीत पिसं बांधतात. समुद्र निराळा, गुंता तोच.

१९३८ साली अमेरिकेतल्या ड्युपॉन्ट कंपनीनं नायलॉन जाहीर केलं. आधी त्याचे दात घासायच्या ब्रशचे केस झाले, मग बायकांचे पायमोजे. आमच्या वाडीत तंगूस आला तो माझ्या शाळेच्या दिवसांत. कुजत नाही, पाण्यात दिसत नाही, मुळातच ताठ. साल नको, मेण नको. आजीनं तो बोटांत फिरवून बघितला आणि म्हणाली, "ह्यां सूत न्हय, ही तार." गाठ सुटायची, म्हणून ती जास्त वेढे देऊन, थुंकीनं ओली करून आवळायला लागली.

सगळे म्हणतात तंगुसानं कोळ्याचं भलं केलं. केलंच. पण आजी शेजारच्या चार-पाच होड्यांनाही माळा बांधून द्यायची. त्याचे आणे तिच्या कमरेच्या पिशवीत जायचे. त्या पैशाचा हिशोब तिला कुणी विचारत नसे. तंगूस आल्यावर पुरुष होडीतच बसून माळ बांधायला लागले. दोन-तीन पावसाळ्यांत तिच्याकडे येणारं काम थांबलं. नव्या दोरीचं गुणगान सगळ्यांनी केलं, रिकाम्या पिशवीबद्दल कुणी बोललं नाही. तीही बोलली नाही.

पुढं पर्ससीनच्या बोटी आल्या. जे पेडवे आणि बांगडे आम्हाला सकाळी सहा हवेत, त्यांचा अख्खा थवा त्या वेढतात. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा, पर्ससीनवर कडक बंधनं आली २०१६ मध्ये. तोवर वाडीतल्या बहुतेक उलांड्या मोडून सरपणात गेल्या होत्या.

आता माझा पुतण्या प्लास्टिकच्या कयाकवरून गळ टाकतो. तयार सबिकीची पाकिटं महाग पडतात म्हणून तो माळ घरीच बांधतो. सोडणाऐवजी प्लंबिंगच्या पाइपाचा तुकडा, त्यावर फोमची गुंडाळी, फोममध्ये गळांची टोकं. अंतरं तो फूटपट्टीनं मोजून इंचांत लिहून ठेवतो. त्याला म्हटलं, वीत आणि बोटं लक्षात ठेव. कागद भिजतो, फूटपट्टी घरी राहते. वीत लहान असो की मोठी, त्याच हाताची चार बोटं तिच्या निम्म्याच्या आतच येतात. त्याच्या सात वर्षांच्या मुलीनं परवा आपल्या हातानं मोजून माळ बांधली. फाटे इवलेसे झाले, पण गळ एकमेकांना लागले नाहीत.